स्वाव्ह, स्वादु आणि गोडबोले
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



जिलेबी आणि मठ्ठ्यानंतर भाषण ऐकायला बसणं हे सोपं काम नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. पंख्याखालच्या खुर्च्या ज्यांनी आधीच पटकावल्या आहेत त्यांना डोळे मिटून ऐकायची परवानगी आहे. फक्त घोरू नका, कारण सर अजून पुढच्याच रांगेत बसले आहेत. शाळेत असताना फळ्यावरच्या 'बडबडणाऱ्यांच्या' यादीत माझं नाव कायम असायचं. आज त्याच बडबडीसाठी मला चक्क पंधरा मिनिटं मिळाली आहेत. एवढी प्रगती पुरे आहे.

मला बोलायचं आहे ते एका शब्दाबद्दल. आपण जमवलेल्या वर्गणीतून नववी-दहावीच्या मुलांसाठी व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग सुरू करायचं ठरतं आहे. त्या चर्चेत हा शब्द आला. आपली मुलं हुशार आहेत, पण चारचौघांत बुजतात, त्यांना जरा 'स्वाव्ह' करायला हवं, असं म्हटलं गेलं. मी तीस वर्षं कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात काढली, म्हणून हे काम माझ्याकडे द्यावं असंही सुचवलं गेलं. काम मला आवडेल. पण होकार देण्याआधी या शब्दाचा थोडा हिशेब मांडावा असं वाटतं, कारण या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे.

इंग्रजीत तो एस-यू-ए-व्ही-ई असा लिहितात. पाहिल्यावर 'स्वेव्ह' म्हणावंसं वाटतं, पण उच्चार 'स्वाव्ह' असा आहे. अर्थ काय? ज्याच्या वागण्या-बोलण्यात सफाई आहे, जो कुठे अडखळत नाही, अनोळखी माणसांतही सहज वावरतो आणि समोरच्यावर छाप पाडतो तो स्वाव्ह. सिनेमातला जेम्स बाँड डोळ्यांसमोर आणा म्हणजे झालं. मराठीत याला अगदी नेमका शब्द सापडत नाही. 'रुबाबदार' म्हटलं तर त्यात ऐट जास्त होते. 'सुसंस्कृत' म्हटलं तर त्यात मोहकपणा येत नाही. 'लाघवी' बराच जवळ येतो, पण त्यात सूटबूट नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे इंग्रजी शब्दात संशयाची एक बारीक छटाही आहे. माणूस जरा जास्तच गुळगुळीत आहे, हातातून निसटेल, अशी.

आता जुन्या ओळखीबद्दल सांगते. पंचवीस वर्षांपूर्वी एका कंपनीत आम्ही तिघं निवड समितीवर होतो. तालुक्याच्या गावच्या कॉलेजातून आलेला एक मुलगा मुलाखतीला आला. यंत्रांबद्दल विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यानं बरोबर दिलं. इंग्रजी तुटक होतं, शर्ट नवा होता आणि त्याच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. मुलाखत संपल्यावर त्यानं आपली खुर्ची जागेवर सरकवली, रिकामा कप ट्रेमध्ये ठेवला आणि दाराशी उभ्या असलेल्या, चहा आणणाऱ्या माणसाला 'येतो काका' म्हणून तो गेला. त्या दिवशी आलेल्या दुसऱ्या कोणत्याही उमेदवाराने त्या माणसाची दखल घेतली नव्हती. शेऱ्यांच्या कागदावर दोघांनी लिहिलं, ज्ञान उत्तम, पण स्वाव्ह नाही. मी माझं वेगळं मत लिहिलं. दोन विरुद्ध एक असा निकाल लागला आणि मुलाची नोकरी गेली. नोकरी गेली असं म्हणते, कारण माझ्या लेखी ती त्याचीच होती.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन शब्दकोश उघडला. एका शब्दावरून माणसाची वाट बदलत असेल तर तो शब्द आला कुठून हे तरी कळावं, एवढीच इच्छा होती. आणि मग गंमत झाली. हा शब्द थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

इंग्रजीने हा शब्द फ्रेंचमार्फत घेतला आणि फ्रेंचकडे तो लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये 'सुआविस' म्हणजे गोड, सुखद. चवीला गोड, वासाला गोड, कानाला गोड, सगळ्यासाठी हाच शब्द. आणि या सुआविसचा सख्खा भाऊ संस्कृतात आहे, 'स्वादु'. स्वादु म्हणजे गोड, रुचकर. आयुर्वेदातले सहा रस आपण मधुर, आम्ल, लवण असे मोजतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात त्या मधुर रसाला 'स्वादु' असंच नाव आहे. आपण रोज म्हणतो तो 'स्वाद' त्याच घरातला.

इथे कोणी म्हणेल की आमच्याकडे सगळंच आधी होतं, विमानंसुद्धा. तसं काही मी म्हणत नाही. लॅटिनने संस्कृतकडून घेतला नाही आणि संस्कृतने लॅटिनकडून घेतला नाही. दोघांचा पूर्वज एक. १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं असं जाहीरपणे मांडलं. पुढे १८२२ साली याकोब ग्रिम यांनी या भाषांमधल्या ध्वनींच्या बदलाचे नियम पद्धतशीर मांडले. हे ग्रिम म्हणजे भावाबरोबर परीकथा गोळा करणारेच ग्रिम. त्या नियमांपैकी एक असा की आपल्याकडे जिथे 'द' आहे तिथे इंग्रजीत 'ट' येतो. द्वि आणि टू. दश आणि टेन. दंत आणि टूथ. पद आणि फूट. शेवटच्या दोन शब्दांत बाकीचे ध्वनीही बदलले आहेत, पण 'द'च्या जागी 'ट' वर्गातला ध्वनी आला आहे हे लक्षात येईल. मग स्वादु या शब्दाचं इंग्रजीत काय होईल? स्वीट! लॅटिनमध्ये मात्र मधला 'द' गळून गेला आणि 'सुआविस' उरला.

म्हणजे इंग्रजीत एकाच कुळातले दोन शब्द राहतात. एक जन्मापासून घरात वाढलेला, 'स्वीट'. दुसरा फ्रान्समधून शिकून आलेला, 'स्वाव्ह'. आणि संस्कृतच्या तासाला मागच्या बाकावर बसणाऱ्यांसाठी आणखी एक. स्वादु या विशेषणाचं 'सर्वांत जास्त' असं रूप काय? स्वादिष्ठ. जसं कनिष्ठ, ज्येष्ठ, वरिष्ठ. इंग्रजीत तेच रूप 'स्वीटेस्ट'. आपला '-इष्ठ' आणि त्यांचा '-एस्ट' हेही नातेवाईकच. तेव्हा आज आचाऱ्यांना आपण 'जेवण स्वादिष्ट होतं' म्हणालो तेव्हा नकळत 'स्वीटेस्ट'च म्हणालो.

या कुटुंबातले आणखी दोन नातेवाईक मला फार आवडतात. लॅटिनमध्ये 'सुआदेरे' असं क्रियापद आहे. एखादी गोष्ट दुसऱ्याला गोड वाटेल अशी करणं, म्हणजेच समजावणं, मन वळवणं. त्यातूनच इंग्रजी 'पर्स्वेड' आला. रोमन लोकांनी तर मन वळवण्याच्या या कलेला देवीच मानलं आणि तिचं नाव ठेवलं 'सुआदा'. दुसरा नातेवाईक म्हणजे 'अस्वेज'. दुःख हलकं करणं, वेदना शमवणं. या शब्दाच्या पोटातही तोच सुआविस आहे. कुणाच्या तोंडातली कडू चव जावी म्हणून त्यावर थोडं गोड घालणं. आजीने औषधानंतर हातावर ठेवलेला गुळाचा खडा आठवतो ना, तसं.

आणि आता या सभागृहातल्या किमान दोन कुटुंबांना अभिमान वाटेल अशी माहिती. जुन्या रोममध्ये सेथेगस नावाचा एक वक्ता होऊन गेला. एनियस या कवीने त्याला 'सुआविलोक्वेन्स' हे विशेषण लावलं आणि पुढे सिसेरोने ते आवर्जून नोंदवून ठेवलं. सुआविस म्हणजे गोड, लोक्वेन्स म्हणजे बोलणारा. याचं मराठी भाषांतर करण्याचे कष्ट घ्यायला नकोत. आपल्याकडे ते हजेरीपटावरच आहे. गोडबोले!

हसलात, बरं वाटलं. आता मुद्द्याकडे येते.

चांगल्या वागण्याला माणसांनी कोणकोणते शब्द दिले ते पाहा. संस्कृतात आणि जुन्या मराठीत 'नागर', म्हणजे नगरातला. कामसूत्रात वात्स्यायनाने 'नागरक' कसा राहतो, काय नेसतो, संध्याकाळ कशी घालवतो याचं सविस्तर वर्णन केलं आहे. त्याच्या उलट 'ग्राम्य', म्हणजे खेड्यातला. साहित्यशास्त्रात तर ग्राम्यत्व हा काव्याचा दोष म्हणूनच मोजला गेला. युरोपातही तेच. 'अर्बेन' म्हणजे सुसंस्कृत, मुळात 'शहरातला'. 'कर्टियस' म्हणजे सभ्य, मुळात 'दरबारातला'. 'जेंटल' म्हणजे सौम्य, मुळात 'चांगल्या कुळातला'. 'डेबोनेर' हाही फ्रेंचमधून आलेला, मुळात 'चांगल्या वाणाचा'. शिव्या पाहिल्या तरी हाच प्रकार. 'बोअर', म्हणजे अडाणी, हा शेतकऱ्यासाठीच्या डच शब्दावरून आला. खलनायकाला 'व्हिलन' म्हणतात, तो मुळात शेतवाडीवर राबणारा गडी होता.

थोडक्यात, बहुतेक शब्द तुमचा पत्ता विचारतात. कुठे जन्मलात? कुणाच्या पोटी? शहरात की वाडीवर? उत्तर चुकलं की संपलं.

या सगळ्या गर्दीत 'स्वाव्ह' मला वेगळा वाटतो. त्याचा जन्म शहरात झाला नाही, दरबारात झाला नाही, कुळात झाला नाही. तो जिभेवर जन्मला. आणि जिभेची गंमत अशी की पदार्थाची चव पदार्थाला कळत नाही, खाणाऱ्याला कळते. गूळ स्वतः कधी गोड असल्याचं अनुभवत नाही. म्हणजे मूळ अर्थाने स्वाव्ह माणूस कोण? ज्याच्याशी बोलून झाल्यावर समोरच्याच्या तोंडात गोड चव राहते तो.

पुढे हा अर्थ सरकला. इंग्रजीत आधी तो 'सुखद, कृपाळू' अशा अर्थाने वापरला जायचा. एकोणिसाव्या शतकात आजचा गुळगुळीत, सफाईदार अर्थ पक्का झाला. गोडीच्या जागी चकाकी आली. गोडी दुसऱ्याच्या तोंडात असते, चकाकी आपल्या चेहऱ्यावर असते. एवढाच फरक, पण केवढा मोठा! आपल्या मराठीनेही हा धोका ओळखला होता. ती एका हाताने 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणते आणि दुसऱ्या हाताने 'साखरपेरणी' आणि 'ओठांत एक, पोटात एक' असे शब्द राखून ठेवते.

मग खरी गोडी कुठे पाहिली असं मला विचाराल, तर उत्तर लांब नाही. याच शाळेत पाहिली.

आपले शिपाईमामा आठवा. फी भरायला उशीर झाला की वाड्यावस्त्यांवरून कुणाचे तरी वडील यायचे. पायात धुळीने भरलेल्या वहाणा, हातात टोपी. कार्यालयाच्या दाराशी ते घोटाळायचे. मामा त्यांना आधी बाकावर बसवायचे, माठातलं पाणी द्यायचे, 'पाव्हणं, पाऊसपाणी काय म्हणतंय?' असं विचारायचे. माणूस जरा सैल झाला की मगच आत वर्दी द्यायचे. आणि कुणाच्या मुलाची फी थकली आहे हे व्हरांड्यातल्या आम्हा पोरांना कधीही कळलं नाही. मामांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. पण त्या बाकावर बसून गेलेला कोणताही बाप शाळेतून मान खाली घालून बाहेर पडला नाही.

आपल्या गणिताच्या बाई आठवा. त्या आज इथे आहेत आणि त्यांना हे आवडणार नाही, तरी सांगते. तपासलेले पेपर वाटताना ज्याला कमी गुण असत त्याचा पेपर त्या मधोमध दुमडून हातात द्यायच्या. शेजारच्याला आकडा दिसू नये म्हणून. पण एकाचाच दुमडला तर सगळ्यांना कळेल, म्हणून त्या पहिल्या नंबराचाही दुमडून द्यायच्या. बाई, पहिल्या नंबराला त्याचा फार राग यायचा. आज तो समोर बसला आहे आणि मान डोलावतो आहे.

याला मी सफाई म्हणते. लॅटिनमधल्या मूळ अर्थाने, संस्कृतातल्या मूळ अर्थाने, पूर्ण स्वाव्ह.

आता कुणी म्हणेल, म्हणजे मुलांना इंग्रजी शिकवायचं नाही? मुलाखतीची तयारी करून घ्यायची नाही? भाबडेपणा नको. जरूर शिकवायचं. इंग्रजी नसल्यामुळे काय जातं हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने तीस वर्षं पाहिलं आहे. हात कसा मिळवावा, ई-मेल कसा लिहावा, मोठ्या हॉटेलात काटा कोणत्या हातात धरावा, हे सगळं शिकवू. पण ते एसटीच्या वेळापत्रकासारखं शिकवू. माहिती म्हणून. गाडी किती वाजता, कोणत्या फलाटावर. वेळापत्रक माहीत नसणारा माणूस कमी दर्जाचा नसतो. त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं, इतकंच.

आणि जे त्यांच्याकडे आहे ते काढून घ्यायचं नाही. आपल्या वर्गात 'पाणी'ला 'पानी' म्हणणारी निम्मी मुलं होती आणि उरलेली निम्मी हसायची. आपला 'पाणी' हा शब्द संस्कृतातल्या 'पानीय'वरून आला आहे. त्यात 'न'च आहे! यावरून 'पानी' हेच शुद्ध असं मी म्हणत नाही. प्रमाण भाषा शाळेत शिकायलाच हवी, कारण परीक्षा तिच्यात आहे आणि कागदपत्रं तिच्यात आहेत. पण ज्या फूटपट्टीने आपण हसत होतो ती किती वाकडी होती ते पाहा. वर्गात एकदा हसं झालेला मुलगा पुढे हात वर करत नाही. मुलाखतीत बुजणारी मुलं एका दिवसात तयार होत नाहीत. ती अशा हसण्यांतून तयार होतात.

म्हणून या वर्गांसाठी माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, नाव बदलू या. 'व्यक्तिमत्त्व विकास' म्हटलं की मुलाला वाटतं, आपलं व्यक्तिमत्त्व अविकसित आहे. 'बोलू या' एवढं साधं नाव पुरे. दुसरी, पहिला महिना मुलांनी इंग्रजीत नाही, आपापल्या घरच्या बोलीत बोलायचं. आजोबांच्या शेळीबद्दल, यात्रेबद्दल, काहीही. चारचौघांत उभं राहून आपल्या भाषेत बोलण्याची सवय झाली की दुसरी भाषा त्या पायावर चढते. मुलाखत घेताना मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. ज्याला एका भाषेत निर्धास्त बोलता येतं तो दुसरीत चुकतो, पण थांबत नाही.

तिसरी सूचना आपल्यासाठी आहे. वर्गणी देऊन मोकळं व्हायचं नाही. आपण एकेचाळीस जण आज इथे आहोत. प्रत्येकाने वर्षातून एक शनिवार यायचं. डॉक्टरांनी यावं, पोलीस खात्यातल्यांनी यावं, दुकान चालवणाऱ्यांनी यावं, शेती करणाऱ्यांनी तर आधी यावं. मुलांना पाहुणे म्हणून आपलं स्वागत करू द्या. आपल्याला बसवू द्या, पाणी देऊ द्या, प्रश्न विचारू द्या. अनोळखी मोठ्या माणसाला सैल कसं करायचं हे पुस्तकातून येत नाही, माणूस समोर बसल्यावर येतं. एकेचाळीस शनिवार म्हणजे सुट्ट्या वगळून शाळेचं अख्खं वर्ष भरलं. वही दाराशी टेबलावर ठेवली आहे. घरी जाण्याआधी आपापला शनिवार लिहून जा. पहिला जूनमधला शनिवार मी घेतला आहे. पावसाचा आहे, म्हणून कुणी घेणार नाही हे मला माहीत होतं.

सर, तुमचा दिलेला वेळ मी दोन मिनिटांनी ओलांडला आहे. फळ्यावर नाव लिहायचं असेल तर लिहा.